डावीकडचा उजेड

मारतहळ्ळीच्या आमच्या गल्लीत कुणाचाही डीपी बघा, उजेड डावीकडूनच यायचा. भाजीवाल्याचा, मेडिकलवाल्या बाईचा, पीजीत राहणाऱ्या कंप्युटरवाल्या मुलांचा, माझासुद्धा. डावा गाल पिवळसर, मांडवातल्या हॅलोजनखाली दिसतो तसा. उजव्या गालावर तपकिरी सावली, आणि ती सावली नेमकी कुठं सुरू होते ते शोधून सापडायचं नाही. गल्लीत त्याला ‘अण्णा लाइट’ म्हणायचे. बाहेरून आलेलं कुणी विचारायचं, हा कुठला फिल्टर? पोरं सांगायची, फिल्टर नाही, म्हातारा आहे.

तो म्हातारा म्हणजे तुकोजीराव. सगळ्यांचे स्टुडिओ अण्णा. त्यांचे पणजोबा की त्याच्याही आधीचे कुणी मराठी मुलखातून इकडं आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठीच बोलायचे, पण ‘थोडं’ म्हणायच्या जागी ‘स्वल्प’ म्हणायचे आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’. एके काळी खरा स्टुडिओ होता म्हणे. पडदे, छत्र्या, बाळांना बसवायचा लाकडी घोडा. लोकांच्या हातात फोन आले तसा तो आक्रसत गेला. मी बघितला तेव्हा जिन्याखालची एक खोली उरली होती. त्यात झेरॉक्सचं मशीन, पासपोर्ट फोटोचा निळा पडदा आणि अण्णांचा फोन. कॅमेरा विकलेला. सगळं काम त्या फोनवर, बोटानं.

आणि समोरच्या भिंतीवर किरणचा फोटो. वर कन्नडमध्ये लिहिलेलं, हरवला आहे.

किरण अण्णांचा एकुलता एक मुलगा. पीयूच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षेत नापास झाला. घरात बोलाचाली झाली. शारदाक्का, अण्णांची बायको, म्हणाल्या, चार दिवस मावशीकडं जाऊन ये, डोकं शांत होईल. मावशी आनेकलला. पोरगा आनेकलच्या बसमध्ये चढलेला गल्लीतल्या लोकांनी बघितला. उतरलेला कुणीच बघितला नाही. मी गल्लीत यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण ती सांगितल्याशिवाय अण्णांबद्दल काहीच सांगता येत नाही. कारण फोनवर ते जे काही शिकले, तो उजेड, ती सावली, ते सगळं ह्या एका मुलाला शोधायसाठी शिकले.

अख्ख्या गल्लीचे फोटो काढलेल्या माणसाकडं स्वतःच्या मुलाचा धड फोटो नव्हता. किरणला कॅमेऱ्याचा तिटकारा. लग्नाकार्यात बाप लेन्स पुसायला लागला की पोरगा पंगतीकडं पसार. परीक्षेच्या हॉलतिकिटासाठी अण्णांनीच त्याचा फोटो काढला होता, पण काम झालं की फाइल पुसून टाकायची ही त्यांची जुनी सवय. हॉलतिकीट किरणनं निकालाच्या दिवशी फाडलं. कॉलेजच्या अर्जावर एक होता, त्याच्या तोंडावर गोल शिक्का. उरला एकच. चुलतबहिणीच्या लग्नात कुणा पाहुण्यानं सहज म्हणून फोनवर काढलेला. त्यात किरण मागं उभा आहे, तोंड मिटून हसतोय, आणि पुढच्या माणसाचा फेटा आडवा आल्यानं अर्धा चेहरा झाकलेला. एक डोळा, एक गाल, अर्धं नाक. मांडवातला उजेड त्याच डाव्या गालावर पडलेला.

उजवा अर्धा अण्णांनी केला.

कसा, तर स्वतःचा सेल्फी काढून. स्वतःचा उजवा गाल त्यांनी कापून घेतला, सुरकुत्या पुसल्या, आणि मुलाच्या डाव्या गालाला जोडला. जोड दिसू नये म्हणून दोन्हीकडं एकच उजेड पाहिजे. तो उजेड जमवायला म्हणून ते येईल त्या गिऱ्हाइकाच्या फोटोवर हात बसवत गेले. गल्लीला वाटलं, अण्णांची ही स्टाइल आहे. होतीच की. माणसाची स्टाइल काय आभाळातून पडते? ज्याच्यामागं तो धावतो, त्याचीच धूळ अंगाला लागते.

शारदाक्कांनी तो जोडलेला फोटो एकदाच नीट बघितला आणि म्हणाल्या, “हे डावीकडून किरण, उजवीकडून तुम्ही.” पुन्हा त्या भिंतीकडं त्यांनी मान वळवली नाही.

दरवर्षी किरणच्या वाढदिवसाला त्या पायस करायच्या, आणि अण्णा फोटोतल्या किरणला एक वर्षानं मोठा करायचे. आधी मिसरूड जरा दाट केली. मग जबडा रुंद. मग दाढी. नवा कागद छापून जुन्यावर चिकटवायचे.

मी भालकीकडची. शाळा नववीत सुटली, का सुटली ते सांगण्यासारखं नाही, सगळ्यांची सुटते तशी सुटली. मावसबहिणीच्या ओळखीनं ह्या गल्लीतल्या पीजीत चपात्या लाटायला आले. मला तेव्हा सगळ्याची भीती वाटायची. रस्ता ओलांडायची, लिफ्टची, कुणी इंग्रजीत काही विचारील त्याची. फोन वाजला की घरी काहीतरी झालं असणार, ही भीती तर अजून आहे. पीजीच्या ओळखपत्राला फोटो लागतो म्हणाले म्हणून अण्णांच्या जिन्याखाली गेले.

“नाव काय?”

मी सांगितलं. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.

“राहू दे. गाव कुठलं?”

“भालकी.”

“हां. श्वास सोड, भालकी. श्वास धरलेला माणूस फोटोत चोर दिसतो.”

तेव्हापासून मी भालकीच. माझं नाव त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मी धीर करून म्हटलं, आईलापण एक पाठवायचाय, त्यात जरा जाड करा. आणि डोळ्यांखालचं काळं काढून टाका. अण्णांनी फोन शर्टाच्या टोकानं पुसला. काही करायच्या आधी ते फोन पुसायचेच. मग एक डोळा बारीक करून बोट चालवलं. गाल भरले नाहीत. काळं निम्मंच काढलं.

“अण्णा, अजून राहिलंय.”

“राहिलं नाही, ठेवलंय. आईला खोटं सांगायचं तर स्वल्प सांगावं. सगळंच खोटं केलं की आई ओळखते, मग रडत बसते. निम्मं ठेवलं की म्हणते, पोरगी काम करते माझी.”

संध्याकाळी आईचा फोन आला. “काम लई दिसतंय गं. पर बरी हायस.” मला हसू आलं आणि डोळेही भरले.

त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक गंमत दाखवली. तयार फोटोवर बोट दाबून धरलं. स्क्रीनवरची मी एकदम बदलले. आधीची मी, भेदरलेली, काळवंडलेली. बोट उचललं, नंतरची मी. बोट ठेवलं की आधीचं, उचललं की नंतरचं. “बघून घे,” म्हणाले, “कुठून कुठं आलीस ते.” हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवायचे. लहान पोरं पुन्हा पुन्हा करायला लावायची. अण्णा न कंटाळता करायचे. मला वाटतं, ती गंमत गिऱ्हाइकांपेक्षा त्यांनाच हवी असायची. आधीचं कुठं गेलेलं नाही, बोटाखाली आहे, ही खात्री.

दुपारची भांडी घासून झाली की संध्याकाळच्या कणकेपर्यंत मला वेळ असायचा. शिकवता का, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. मी नुसती दुकानाच्या पायरीशी उभी राहायचे. असे बरेच दिवस गेल्यावर अण्णा मान वर न करता म्हणाले, “उभं राहून शिकलेलं पायात जातं. बस.”

फोनमधल्या फोटो सुधारायच्या पट्ट्यांची इंग्रजी नावं मला वाचता यायची पण कळायची नाहीत. अण्णांनी ती सगळी माझ्यासाठी बदलून टाकली.

“ही पट्टी ऊन. ही मीठ, नसलं तर बेचव, जास्त पडलं तर फेकून द्यायचं. रंग चढवायची ती हळद. आणि ही तिखट. रेषा टोकदार करते. तरण्या पोरीच्या चेहऱ्याला तिखट घालू नये. म्हाताऱ्याला घालावं, सुरकुत्या त्यानं कमावलेल्या असतात.”

“आणि हे डाग पुसायचं?”

“ते सारवण. घर सारवतेस ना गावाकडं? तसंच. भेग बुजली पाहिजे, पण भिंत जुनी दिसली पाहिजे.”

एक बटण होतं, दाबलं की सगळं आपोआप व्हायचं. त्याला अण्णा ‘हॉटेल’ म्हणायचे. “पोट भरतं,” म्हणायचे, “पण कुणी रांधलं ते कळत नाही.” कुणी पोरानं आपला फोटो आधीच हॉटेलातून करून आणला असला की अण्णा त्याला विचारायचे, “बाहेर जेवून आलास काय रे?” आणि पोरगा दोन दिवस तो टोमणा सगळ्यांना सांगत फिरायचा.

आधी मी त्यांचीच नक्कल करायचे. डावीकडून पिवळा, उजवीकडं सावली. एक दिवस त्यांनी माझा फोन हातातून काढून घेतला. “हा माझा उजेड आहे. कामाचा आहे, हौसेचा नव्हे. तुला कुणाला शोधायचंय? नाही ना? मग तुझा तू बघ.”

माझा उजेड मला पीजीच्या स्वयंपाकघरात सापडला. सकाळी खिडकीतून येतो तो. परातीतलं पीठ उडत असतं, वाफ असते, आणि सगळं पांढरट दिसतं, कडा नसल्यासारखं. मी चपात्यांच्या चळतीचा फोटो काढला. ऊन वाढवलं, मीठ कमी केलं, हळद जवळजवळ काढूनच टाकली. भीत भीत अण्णांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला.

“पीठ उडालंय जणू,” म्हणाले. “सरी. हा तुझा.”

मला कुणी ‘हे तुझं’ असं फारसं म्हटलेलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली ती मी आता मोडली आहे. काम झालं की फोन विचारतो, ह्यावरच ठेवू का वेगळी कॉपी करू? अण्णा नेहमी ‘ह्यावरच’ दाबायचे. “दोन दोन कशाला? फोनचं पोट फुगतं.” जुन्या स्टुडिओवाल्यांची शिस्त ती, गिऱ्हाइकाचं काम झालं की जागा मोकळी. मीही तसंच करायचे. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पीजीत ओंकार म्हणून पुण्याचा एक मुलगा होता. मनानं चांगला, फक्त घाई फार. किरणच्या वाढदिवसाच्या आसपास अण्णा दुकानात बसून दाढीचा एक एक केस बोटानं काढत होते, तर तो म्हणाला, “अण्णा, मॅन्युअली का करताय एवढं? एक ॲप आहे. फोटो टाकायचा, वय टाकायचं, डन.”

“दाखव.”

ओंकारनं भिंतीवरचाच फोटो त्याच्या फोनमध्ये घेतला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एक भरदार तरुण माणूस समोर आला. दाढी कोरलेली, गाल तुकतुकीत, आणि दात दाखवून हसणारा. अण्णांनी सवयीनं बोट दाबलं, उचललं. पुन्हा दाबलं.

“दात कुणाचे रे हे?”

“एआयनं जनरेट केलेत, अण्णा. मस्त आलेत ना?”

“किरणचा पुढचा दात स्वल्प आडवा. म्हणून तो तोंड मिटून हसायचा. हे तुझ्या ॲपला कोण सांगणार?”

ओंकारचा चेहरा पडला. अण्णांनाच वाईट वाटलं असावं. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “ह्यानं माझा मुलगा मोठा नाही केला रे. परका मोठा झालेला आणून उभा केला.”

शारदाक्का तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. मी त्यांना कधी फोनकडं बघताना पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं आणि तशाच वाकून राहिल्या.

“हा मला द्या.”

“अगं, हा किरण नव्हे.”

“ठाऊक आहे मला. पण हसतोय.”

ओंकारनं तो त्यांच्या फोनवर पाठवून दिला. तो हसरा परका अजून त्यांच्या फोनवर आहे.

रविवारी अण्णा पोस्टर लावायला निघायचे. आनेकलच्या रस्त्यावरचा एकेक बसथांबा. खळ मी पीजीच्या स्वयंपाकघरात करून द्यायचे, मैद्याची, घट्ट. जुना कागद वाऱ्यापावसानं गेलेला असायचा, नाहीतर त्यावर कुणाचा तरी क्लासचा, मूळव्याधीचा कागद असायचा. अण्णा कुणाचा कागद फाडायचे नाहीत, शेजारी जागा बघून लावायचे. मला एकदा म्हणाले, “त्यालापण पोट आहे.”

आणि मग एका सकाळी फोन आला. आनेकलच्या स्टँडजवळचा चहावाला. पोस्टरवरचा मुलगा इथं आहे. रोज बघतो मी. फुलांच्या पेट्या चढवतो टेम्पोत. तोच आहे, शंभर टक्के.

ह्याआधी फोन यायचे ते उगाचचे. कुणी चेष्टेनं करायचे, कुणी बक्षीस आहे का विचारायचे. पण हा माणूस ओळखूनच बोलत होता. माझी त्या दिवशी सुट्टी होती. शारदाक्का माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “ह्यांना एकट्यानं धाडवत नाही. तू जातेस काय बरोबर?” मी म्हटलं, तुम्ही या की. त्या म्हणाल्या, “मी घरी असायला पाहिजे. आला तर दार कोण उघडणार?” तो आमच्याच बरोबर येणार होता, तरी त्या असं म्हणाल्या. त्यांनी डबा दिला. अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, घातलेलं उपीट. किरणला आवडायचं.

बसमध्ये अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. अख्ख्या वाटेत एकच वाक्य बोलले, “मी आधी काही बोलणार नाही. तोच बोलू दे.”

चहावाल्यानं बोटानं दाखवलं. रस्त्यापलीकडं टेम्पोजवळ एक तरुण पेटी खांद्यावर घेऊन पाठमोरा उभा होता. तो वळला. सकाळचं ऊन त्याच्या डाव्या गालावर पडलं होतं.

खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून किंचाळी निघाली. तोच. भिंतीवरचा. तोच जबडा, तीच दाढी, भुवईचं तेच वळण. मी रोज दुपारी ज्याच्यासमोर बसत होते तो चालत येऊन पेटी उचलत होता.

अण्णा धावले नाहीत. त्यांनी फोन शर्टाच्या टोकानं पुसला. रस्ता ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि फोन त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. पोरगा गोंधळला. मग फोनकडं बघून त्याचे डोळे मोठे झाले. कन्नडमध्ये म्हणाला, “अण्णा, हा तर माझा फोटो. कुणी काढला?”

अण्णा म्हणाले, “हस.”

“काय?”

“स्वल्प हस, बाळा.”

पोरगा हसला. दात सरळ होते. एकसारखे, पांढरे, सरळ.

तो तिथलाच निघाला. त्याचा बाप पलीकडं पेट्या मोजत उभा होता, तो आला. मी कसंबसं माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. बाप चांगला माणूस. त्यानं चहा सांगितला. पोरगा अपराध केल्यासारखा उभा होता. सारखं म्हणत होता, “नानल्ला अण्णा, मी नव्हे तो.” अण्णांनीच त्याची समजूत काढली. मग डबा उघडून त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या सगळं खाल्लं, कामावरची भूक होती. रिकामा डबा नळाखाली धुऊन परत आणून दिला.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीपाशी. आनेकल मागं गेलं, शेतं मागं गेली, कारखान्यांची कुंपणं लागली. मग ते म्हणाले,

“फोटो बरोबर जमला होता गं, भालकी.”

मी त्यांच्याकडं बघितलं.

“अगदी बरोबर जमला होता. मुलगाच दुसरा निघाला.”

घरी शारदाक्का दारात होत्या. आम्ही दोघंच आहोत हे त्यांनी कोपऱ्यावरूनच बघितलं असणार. डबा हातात घेतला, हलका लागला.

“खाल्लं काय त्यानं?”

“खाल्लं,” अण्णा म्हणाले.

“आवडलं?”

“आवडलं म्हणाला.”

“सरी,” म्हणून त्या आत गेल्या.

त्यानंतर अण्णांनी मूळ फोटो शोधायला घेतला. आजवर त्यांना त्याची गरजच वाटली नव्हती. भिंतीवर किरण होता, फोनमध्ये किरण होता. आता त्यांना फेट्यामागचा तो अर्धा चेहरा हवा होता, ज्याला त्यांनी बोट लावलेलं नाही असा. कुठं काय चुकलं ते त्यांना पहिल्यापासून बघायचं होतं. त्यांनी फोटो उघडला, बोट दाबून धरलं. आधीचं दिसलं. पण ते आधीचं म्हणजे गेल्या वाढदिवसाचं. त्याच्या आधीचं नाही. दरवर्षी काम झाल्यावर त्यांनी ‘ह्यावरच’ दाबलं होतं. एकावर एक, एकावर एक. त्यात लग्नातला किरण कधी बुजून गेला ते त्यांच्याच बोटाला कळलं नव्हतं.

ज्या पाहुण्यानं तो फोटो काढला होता त्याचा तो फोन केव्हाच मोडीत गेलेला. लग्नाच्या अल्बममध्ये किरण नाहीच, पंगतीकडं पळालेला. पोलीस स्टेशनात दिलेली प्रत अण्णांच्याच मशीनवरची झेरॉक्स, त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग. भिंतीवरचे कागद एकाखाली एक होते, सगळ्यात खालच्यात निदान डावी बाजू तरी हात न लावलेली असणार. मी पाण्यानं भिजवून सोडवायला बघितले, वरची खळ माझीच होती, घट्ट. लगदा हातात आला.

ओंकार अण्णांचा फोन घेऊन किती तरी वेळ बसला. फोल्डर बघितले, बॅकअप बघितला, फोन कंप्युटरला लावला. ह्या वेळी त्यानं घाई केली नाही. शेवटी फोन परत देताना खाली बघून म्हणाला, “अण्णा, नाहीये. त्याच्यावरच सेव्ह झालंय सगळं.”

अण्णा म्हणाले, “सरी.” मग फोन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “पोट तरी मोकळं राहिलं ह्याचं.”



मला दुसरं काम लागलं ते त्याच सुमारास. महादेवपुऱ्यात एक बाई फोनवरून साड्या विकते. तिनं माझे पिठाच्या उजेडातले फोटो कुणाच्या तरी फोनवर बघितले आणि अण्णांकडं चौकशी केली. अण्णांनी माझ्याबद्दल काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण बाईनं मला परीक्षा न घेता ठेवलं. आता दिवसभर साड्यांचे फोटो करते. बसून काम, पंख्याखाली. चुलीपुढून मला ज्यानं उठवलं त्या माणसाचे उपकार मी कुठं फेडू? प्रत्येक फोटोची मी आधी वेगळी कॉपी काढते. बाई ओरडते, फोन भरतो म्हणते. भरू दे.

किरणच्या वाढदिवसाला मी सुट्टी मागून मारतहळ्ळीला गेले. वाटेत सारखं वाटत होतं, अण्णांना काही झालेलं असेल. काही झालं नव्हतं. निळा पडदा विटलेला, मशीन चालू. भिंतीवर गेल्या वर्षीचाच कागद, त्याची एक कड सुटून आली होती.

“ये भालकी. पीठ काय म्हणतंय?”

मी माझे फोटो दाखवले. ते एक डोळा बारीक करून बघत गेले. एका हिरव्या साडीपाशी थांबून म्हणाले, “मीठ स्वल्प कमी कर.” मी तिथंच कमी केलं. बरोबर होतं त्यांचं.

शारदाक्कांनी पायस आणलं, स्टीलच्या पेल्यातून. तिघांनी प्यायलं. पेले घेऊन त्या गेल्या. अण्णांनी फोन शर्टाच्या टोकानं पुसला आणि किरणचा फोटो उघडला. मला वाटलं, आता वर्ष चढवतील. दाढीला हात घालतील, कपाळ स्वल्प मागं नेतील. मी श्वास धरून बसले.

त्यांनी कुठल्याच पट्टीला हात लावला नाही. नुसतं फोटोवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

काही केलेलंच नव्हतं, त्यामुळं काही बदललं नाही. आधीचं आणि नंतरचं एकच.

एक गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलं. अण्णांनी वर बघितलं नाही. मीच उठून मशीन चालवलं, कागद दिला. मग चप्पल घातली, येते म्हटलं. बस पकडायची होती. रस्त्यावरून वळून बघितलं. जिन्याखाली अंधारून आलं होतं आणि फोनचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, सगळीकडून सारखा. बोट अजून दाबलेलंच होतं.